रोजनाम्यातली एक ओळ

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, जामीन झाल्यावरही माणूस आत कसा राहतो गं?" मागं मेसमधल्या ताटांचा आवाज येत होता, म्हणून मी "नंतर सांगते" म्हटलं आणि फोन ठेवला. आवाज हे निमित्त होतं. या प्रश्नाचं उत्तर माझ्या गळ्याशी अडकलेलं आहे आणि ते फोनवर निघालं नसतं.

मी कोर्टात कारकुनी करते तिथली २००९ सालची गोष्ट. तू दुसरीत होतीस. ऊसतोडीच्या टोळीतला एक पोरगा, असेल एकोणीस-वीसचा, विहिरीवरच्या मोटारीची केबल चोरल्याच्या गुन्ह्यात फेब्रुवारीत आत आला. आठवड्यात जामीन मंजूर झाला. पंधरा हजारांचा एक लायक जामीनदार. लायक म्हणजे ज्याच्या नावावर सातबारा आहे, रेशनकार्ड आहे, तहसीलचा ऐपतीचा दाखला आहे असा माणूस. पालावर राहणाऱ्याला असा माणूस परजिल्ह्यात कोण मिळणार? मार्चअखेर कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, आणि टोळी ट्रॅक्टरमध्ये भांडी-कुंडी भरून गावी गेली. त्याचं मागं कुणी उरलं नाही.

दर चौदा दिवसांनी तारीख. पुकारा व्हायचा, तो नसायचा. जेलमधून कागद यायचा की गार्ड उपलब्ध नाही. मी रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, लिहायचे : "आरोपीस हजर केले नाही. पुढील तारीख." माझ्या अक्षरात ती ओळ दहा वेळा आहे. माझं अक्षर चांगलं म्हणून न्यायाधीश साहेब कौतुक करायचे.

जुलैत नवीन साहेब आले. त्यांनी फाईल चाळली, मान वर करून विचारलं, "हा अजून आत का आहे?" कुणाकडंच उत्तर नव्हतं. त्यांनी जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय त्याच्या स्वतःच्याच हमीवर, सोडायचा हुकूम केला. एक प्रश्न, आणि पाच महिने अडलेलं काम एका दुपारी झालं. अंगठा द्यायला पोरगा माझ्या टेबलाशी आला. अंगावर फेब्रुवारीत घातलेला तोच स्वेटर, बाहेर धो धो पाऊस. अंगठ्याची शाई केसांना पुसत त्यानं मला विचारलं, "बाई, आज वार कुठला?"

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. तुझ्या बाबांना वाटलं, पित्त झालंय.

नियमाप्रमाणे माझी चूक नव्हती. समोर घडलं ते लिहायचं हे माझं काम, आणि ते मी नेमकं केलं. पण तो प्रश्न विचारायला न्यायाधीश असण्याची गरज नव्हती. तो मीही विचारू शकले असते, त्याचे मोफत दिलेले वकीलही विचारू शकले असते. आम्ही फाईल वाचत होतो. माणूस फाईलमध्ये नव्हताच.

म्हणून तू वकिली सोडून देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत, टिसमध्ये, गुन्हेगारीशास्त्र आणि न्याय हा विषय घेतलास तेव्हा मावशी म्हणाली, "हे शिकून पोरगी करणार काय, पोलिसात जाणार?" मी तिला एवढंच सांगितलं की जो प्रश्न मी पाच महिने विचारला नाही, तो विचारायचं शिक्षण ती घेणार आहे. तुमच्या टिसनं १९८४ मध्ये मुंबई पोलिसांच्याच यंत्रणेत बायका-मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, १९९० मध्ये कैद्यांसाठी 'प्रयास' हा प्रकल्प उभा केला. तिथल्या मुलांना वर्गातून उठवून जेलच्या मुलाखतीच्या जाळीपर्यंत नेतात, ते मला फार मोलाचं वाटतं.

शीला बर्से यांच्या खटल्याचा निकाल तुम्हाला अभ्यासाला असेलच. मी गेल्या महिन्यात तो शोधून पूर्ण वाचला. या पत्रकार बाईंनी मुंबईच्या जेलमधल्या पंधरा स्त्री कैद्यांशी बोलून सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं, पाच जणींना पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं कळवलं. १९८३ चा निकाल. बायकांसाठी वेगळी कोठडी, पहाऱ्याला महिला पोलीस, अटक होताच विधी साहाय्य समितीला खबर, हे सगळं त्यातून आलं. पण मला थबकवलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. खरं-खोटं पाहायला कोर्टानं आत कुणाला पाठवलं? निर्मला निकेतन या समाजकार्याच्या कॉलेजच्या संचालिकांना. कैद्याशी नीट बोलून त्याचं म्हणणं टिपून आणणं हे तुमच्या शाखेचं काम आहे, हे देशाच्या सर्वोच्च कोर्टानं तेव्हाच धरून चाललं होतं.

आता कायद्यात बरंच सुधारलंय. १ जुलै २०२४ पासून फौजदारी खटले चालवण्याची नवीन संहिता आली. पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या कच्च्या, म्हणजे खटला अजून न संपलेल्या, कैद्यानं कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ काढला, तर काही अपवाद सोडून त्याला सोडायचं, अशी तरतूद आहे. ३१ जानेवारी २०२३ च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशानं जामिनाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलनं जेलला जाते, आणि सात दिवसांत माणूस सुटला नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं. तरी २०२२ च्या अखेरीस देशातल्या ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे होते. चारातले तीन. कलम पाठ कर, पण कलम आपल्या पायानं जेलपर्यंत चालत जात नाही, हेही बघ.

तो पोरगा सुटला तेव्हापासून मी एक साधी वही ठेवली आहे. जामीन झाला पण सुटका नाही, अशांची नावं त्यात उतरवते आणि महिन्याच्या पहिल्या सोमवारी तालुका विधी सेवा समितीत नेऊन देते. मला कुणी सांगितलेलं नाही.

आणखी एक सांगायचंय. तो केबलवाला शेतकरी, फिर्यादी. दोन एकर भुईमूग वाळला त्याचा. केबल पोलिसांना सापडली होती, पण मुद्देमाल म्हणून, म्हणजे खटल्याचा पुरावा म्हणून, खोलीत पडून राहिली. सुपुर्तनाम्याचा अर्ज केला तर खटला संपायच्या आधीही मिळते, हे त्याला कुणी सांगितलं नाही. दर तारखेला तो एसटीनं यायचा, व्हरांड्यात बसायचा आणि परत जायचा. कैद्याची बाजू शिकताना या माणसाला विसरू नकोस. तुझे बाबा शेतकऱ्याचे पोर आहेत, ते मला अजूनही म्हणतात, "तुझ्या वहीत त्याचं पान कुठाय?" खरंच नाही.

क्षेत्रकार्याला भायखळ्याच्या महिला कारागृहात पाठवणार म्हणालीस. सुरुवातीला खोटं ऐकायला मिळेल, राग येईल. येऊ दे. पाणी पिऊन पुन्हा विचार. संध्याकाळी होस्टेलवर आलीस की आधी जेव, मग लिहायला बस.

दिवाळीच्या सुट्टीत कोर्ट बंद असतं, म्हणून जमलं तर दोन दिवस आधी ये. मागच्या बाकावर बसून पुकारा ऐक, कोण हजर नाही ते मोज. मामा रविवारी मुंबईला येतोय, त्याच्याबरोबर मेतकूट आणि कोऱ्या वह्या पाठवते.

तुझी,
आई