मिळत नसलेल्या पुस्तकांबद्दलही प्रकाशकांनी बोलावे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पुस्तकांच्या चोरट्या प्रती आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपन्यांकडून होणारा मजकुराचा विनापरवाना वापर, या दोन्ही विषयांवर प्रकाशकांच्या संघटना सध्या आग्रहाने बोलत आहेत. ‘चॅटजीपीटी’ बनवणाऱ्या ओपनएआय या कंपनीविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात चाललेल्या खटल्यात फेडरेशन ऑफ इंडियन पब्लिशर्सनेही आपली बाजू मांडण्यासाठी अर्ज केला. हा आग्रह रास्तच आहे. हजार-पाचशे प्रतींची आवृत्ती काढणाऱ्या मराठी प्रकाशकाचे स्पर्धा परीक्षेचे पुस्तक बाजारात येते न येते तोच त्याची पीडीएफ टेलिग्रामवर फिरू लागते, आणि त्याची झळ लेखकालाही बसते, हे आम्ही ग्रंथालयात काम करणारी माणसे रोज पाहतो.

परंतु खेड्यातल्या वाचनालयाची अडचण वेगळी आहे व तिच्याबद्दल या संघटनांकडून फारसे ऐकू येत नाही. आमच्याकडे झाडीपट्टीतील, म्हणजे पूर्व विदर्भातल्या आमच्या भागातील, धानशेतीवरचे एक जुने पुस्तक आहे. त्याची शिवण सुटली आहे, कडा हात लावताच चुरतात, आणि मधली आठ पाने वाळवीने खाल्ली आहेत. कृषी पदविकेची मुले ते अजूनही मागतात. दुसरी प्रत विकत घ्यावी म्हणून प्रकाशकाला पत्रे पाठवली, त्यांचे उत्तर आले नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे पुस्तकावरचा कॉपीराइट, म्हणजे छपाईचा हक्क, टिकतो. म्हणजे १९९० साली वारलेल्या लेखकाचे पुस्तक २०५० अखेरपर्यंत कोणाला मोकळेपणाने छापता येणार नाही. तोवर आमची प्रत टिकणार नाही, हे उघड आहे.

कायद्यात वाट नाही असे नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५२ प्रमाणे, भारतात विक्रीस उपलब्ध नसलेल्या पुस्तकाच्या जास्तीत जास्त तीन प्रती सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःच्या वापरासाठी काढता येतात, आणि मूळ छापील प्रत जवळ असल्यास जतनासाठी ती संगणकावर साठवताही येते. घोडे अडते ते ‘विक्रीस उपलब्ध नाही’ हे ठरवायचे कोणी यावर. पुण्या-मुंबईच्या गोदामात चार प्रती पडून आहेत की नाहीत, हे लाखांदूरच्या ग्रंथपालाला कसे कळावे? दुसरीकडे कलम ६३ मध्ये कॉपीराइटच्या भंगासाठी ६ महिने ते ३ वर्षे कैदेची तरतूद आहे, आणि हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. व्यापारी हेतू नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकते, पण हा दिलासा खटला उभा राहिल्यानंतरचा; तुटपुंज्या मानधनावर काम करणारा ग्रंथपाल तिथवर जाण्याची जोखीम घेणार नाही आणि त्याने ती का घ्यावी? अभ्यासाच्या पुस्तकांतील उतारे झेरॉक्स करून देणाऱ्या दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या दुकानाविरुद्ध तीन परदेशी प्रकाशकांनी २०१२ मध्ये केलेला दावा त्यांनी २०१७ मध्ये मागे घेतला, पण त्या प्रकरणातला निकाल शिक्षणासाठीच्या सवलतीबद्दल होता; आमच्या कपाटातल्या पुस्तकाला तो लागू होईलच असे नाही.

म्हणून मराठी प्रकाशकांच्या संघटनांना माझी कळकळीची विनंती आहे की, कठोर कायदा मागताना त्याच निवेदनात त्यांनी ही गोष्टही घालावी: ज्या पुस्तकांची नवी आवृत्ती निघणार नाही त्यांची यादी प्रत्येक प्रकाशकाने दरवर्षी जाहीर करावी आणि ती जिल्हा ग्रंथालयांपर्यंत पोहोचवावी. ग्रंथालयाने लेखी विचारणा केल्यावर ठरावीक मुदतीत उत्तर आले नाही, तर ते पुस्तक अनुपलब्ध समजावे, अशी दुरुस्तीही सरकारकडे मागावी. मागणीनुसार एखादीच प्रत छापून देणे आता शक्य आहे. प्रकाशक तशी देणार असतील तर वाचनालयाला सरकारकडून मिळणाऱ्या परिरक्षण अनुदानातून तिची किंमत मोजायला आम्ही आनंदाने तयार आहोत. लेखकाचे मानधन बुडवून वाचनालय चालवावे असे गावात कोणालाच वाटत नाही. धानाच्या त्या पुस्तकासाठी असे उत्तर उद्या आले, तरी आम्ही त्याच दिवशी पैसे पाठवू.

आपला विश्वासू,
सार्वजनिक वाचनालयाचा एक कार्यकर्ता,
ता. लाखांदूर, जि. भंडारा