टेंडर नंतर, आधी ड्रॉइंग

पुणे

प्रिय विन्या,

तुझं पत्र आणि शाळेच्या बांधकामाच्या तिन्ही टेंडरांच्या झेरॉक्स मिळाल्या. ‘सगळ्यात कमी कुणाचं ते दिसतंच आहे, तू फक्त एकदा नजर टाक, म्हणजे कार्यकारिणीत मांडायला बरं,’ असं लिहिलंयस. टाकली नजर. पण मला त्या तिघांबद्दल काहीच म्हणायचं नाही. त्यांनी ज्या ड्रॉइंगवर रेट भरलेत, त्या ड्रॉइंगबद्दल म्हणायचंय.

शाळा तळमजला अधिक एक, तीही लांज्याजवळ, भर जांभ्याच्या पट्ट्यात. आणि काढलंय काय? आरसीसीचे, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटचे, कॉलम, बीम आणि मधल्या जागा भरायला पुन्हा चिराच, जांभ्याचा कापीव दगड! जी भिंत स्लॅब आरामात पेलेल, तिलाच ओझं म्हणून आपण बीमवर चढवतोय. मग त्या ओझ्यासाठी बीम जाड, बीमसाठी कॉलम जाड, कॉलमसाठी फुटिंग, म्हणजे पाया, मोठं. चिरा खाणीतून कापून आणला की झालं, त्याला भट्टी लागत नाही. तुझ्या आजोळचं घर एकही कॉलम नसताना उभं आहेच की.

सगळेच कॉलम काढा असं मी म्हणत नाही. सभागृहाचा गाळा मोठा आहे, तिथे ते हवेत. आणि कोयनेचा १९६७चा भूकंप आपल्याकडच्या कुणी विसरू नये. जोत्याला, लिंटलला (दार-खिडक्यांच्या माथ्याला) आणि स्लॅबखाली आरसीसीचे सलग पट्टे, कोपऱ्यांत उभ्या सळया, यात काटकसर नाही. चिराही तपासून घ्यायचा. चौरस मिलिमीटरला किमान ३.५ न्यूटन ताकद ही भारतीय मानकाची अट आहे, आणि वरच्या थरातला मऊ चिरा तिथे नापास होतो. एवढं सांभाळलं तर वर्गखोल्या भिंतींवर उभ्या राहतील.

मग आर्किटेक्टने असं का काढलं? त्या बिचाऱ्याचा दोष थोडा, पद्धतीचा जास्त. त्याची फी बांधकामखर्चाच्या टक्क्यांवर. आम्हा आरसीसीचं डिझाइन करणाऱ्यांना चौरस फुटावर पैसे, म्हणजे डोकं लावून सळई वाचवली तरी हातात तेवढेच. कंत्राटदाराचं बिल घनमीटर आणि किलोवर. शिंप्याला कापडाच्या मीटरवर मजुरी दिली, तर सदरा घोळदारच शिवला जाणार! खर्च आणि हवेत जाणारा कार्बन दोन्ही इथेच वाढतात, आणि आपण मात्र रेटमध्ये दोन रुपये कमी करून घेतले म्हणून खूश.

एक उदाहरण देतो. सभागृहाच्या दुय्यम बीमला, दोन्हीकडची वळणं धरून, सळई लागते ६.३ मीटरची. बाजारात सळई येते १२ मीटरची. एक तुकडा कापला की ५.७ मीटर उरते, आणि ती पुढच्या बीमला पुरत नाही. थोडी लिंटलमध्ये खपते, बाकीची शेडमागे गंजत पडते आणि शेवटी वजनावर भंगारात जाते. सभागृहाची त्या बीमच्या दिशेची रुंदी एक फूट कमी करून लांबी तेवढ्या हिशोबाने वाढवली, तर एका सळईत बरोबर दोन तुकडे बसतात. कागदावर हा अर्ध्या तासाचा खेळ आहे. खनिजापासून एक टन पोलाद करताना दोन टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, हे लक्षात घेतलंस तर तो अर्धा तास फार महाग वाटणार नाही.

आता सिमेंट. टेंडरात सरसकट ओपीसी, म्हणजे साधं पोर्टलंड सिमेंट, ५३ ग्रेडचं लिहिलंय, जोडकाम आणि प्लास्टरलासुद्धा! सिमेंटचं क्लिंकर, म्हणजे दळण्याआधीचे भाजलेले खडे, करायला चुनखडी सुमारे १४५० अंशांवर भाजतात. त्यातला निम्म्याहून जास्त कार्बन डायऑक्साइड इंधनातून नव्हे, दगडातूनच सुटतो. म्हणून क्लिंकर कमी वापरणं हाच खरा उपाय. पीपीसी या मिश्र सिमेंटात ३५ टक्क्यांपर्यंत वीजकेंद्रातली कोळशाची राख, म्हणजे फ्लाय अ‍ॅश चालते. आणि कोकणच्या खाऱ्या हवेत, नीट पाणी मारलं तर, सळईला ते जास्त मानवतं. अडचण एकच, सुरुवातीला ताकद सावकाश येते. कंत्राटदाराला सेंटरिंग, म्हणजे स्लॅबखालचे साचे आणि टेकू, लवकर काढून पुढच्या साइटवर न्यायचं असतं, म्हणून तो ५३ मागतो. किमान दहा दिवस पाणी मारणं (क्युरिंग) आणि टेकू काढायची मुदत करारातच लिहा. भाजलेली माती आणि चुनखडी घालून क्लिंकर निम्म्यावर आणणारं एलसी३ सिमेंटही आलंय, २०२३ साली त्याला आपलं मानक मिळालं. पण त्यासाठी शाळा थांबवू नका.

‘सगळ्यात कमी त्याला काम’ हा नियम काही देवाने घातलेला नाही. केंद्राच्या अर्थ खात्याने २०२१ साली सरकारी कामांतही गुणवत्तेला ३० टक्क्यांपर्यंत वजन द्यायची मुभा दिली. तुमची तर खासगी संस्था. तिघांची जुनी कामं पाहा, तीही पावसाळ्यात, गच्चीखाली उभं राहून. सुधारित ड्रॉइंगवर ठोक रकमेचं काम द्या. कंत्राटदाराने काही सुचवून खर्च वाचवला, तर निम्मी बचत त्याची. गळतीची जबाबदारी एका वर्षाऐवजी तीन पावसाळ्यांची. आणि बिल पंधरा दिवसांत भागवा. संस्था सहा महिने पैसे अडवून ठेवते हे धरूनच हे लोक रेट भरतात, त्यात त्यांचं काय चुकलं?

आर्किटेक्टला ड्रॉइंग बदलायची वेगळी, ठोक फी द्या. फुकट बदलायला सांगाल तर तो मनापासून करणार नाही. आणि हा विषय बैठकीत काढू नकोस, आधी त्याच्या घरी जाऊन बोल. चारचौघांत सांगितलंस तर माणूस दुखावेल आणि हट्टाला पेटेल. हवं तर फोनवर मला जोडून दे.

तोवर कुणालाही वर्क ऑर्डर देऊ नका. मातीच्या चाचणीचा रिपोर्ट पाठव, आणि जवळच्या दोन खाणींतून पाच-पाच चिरे तपासायला रत्नागिरीला धाड. आकडे आले की भिंतींची जाडी मी काढून देतो.

वहिनींना नमस्कार. आगळ संपलंय, हे त्यांना आठवणीने सांग.

तुझा,
सुध्या