योलांदाबाईंचे अंक कुठे गेले? मेक्सिकोच्या सांस्कृतिक सचिवांना खुले पत्र

सन्माननीय सांस्कृतिक सचिव महोदया,
मेक्सिको सरकार

सविनय नमस्कार.

आपल्या वेळेचं मोल मी जाणते. तरीही आपण हे पत्र पूर्ण वाचावं, अशी विनंती आहे. मी ते मराठीत लिहिते आहे, कारण स्पॅनिशमधले माझे अर्ज कुणीच वाचलेले दिसत नाहीत. निदान माझ्या लोकांना तरी कळू दे, की आपल्या देशात काय चाललं आहे.

गेल्या आठवड्यात मला एका सार्वजनिक ग्रंथसंग्रहाचं पत्र आलं. 'लाग्रिमास, रिसास इ आमोर' (अश्रू, हास्य आणि प्रेम) या चित्रकथांच्या साप्ताहिकाचे साठ-सत्तरच्या दशकांतले अंक त्याच्या लेखिका योलांदा वार्गास दुल्चे यांच्या जन्मशताब्दीपर्यंत वाचकांना खुले करू, असं याच कार्यालयाने मला पूर्वी लेखी कळवलं होतं. आता ते म्हणतात, हे साहित्य सूचीत नाही, सूचीत घेण्याची योजना नाही आणि त्यातली काही खोकी 'अल्प मूल्याची' म्हणून निकाली काढली आहेत. म्हणजे विकली, जाळली की रद्दीत घातली, याचा पत्रात उल्लेख नाही. खाली सही आहे, पण सही करणाऱ्याचं पद लिहिलेलं नाही.

अल्प मूल्य! महोदया, योलांदाबाई 18 जुलै 1926 ला तुमच्याच राजधानीत जन्मल्या. लहानपण गरिबीत गेलं, घरं सारखी बदलत राहिली. तरुण वयात बहीण एल्बाबरोबर 'रुबिया इ मोरेना' या नावाने गाणी म्हटली. चाळीसच्या दशकात, ऐन उमेदीत, त्यांनी 'पेपीन' या दररोज निघणाऱ्या चित्रकथांच्या नियतकालिकात मेमीन पिंगीन हा काळा पोरगा जन्माला घातला. त्याची आई एउफ्रोसिना लोकांचे कपडे धुऊन घर चालवते. मित्रांमध्ये एक श्रीमंताघरचा, एक सुताराचा, एक बापाविना वाढणारा. एकाच सरकारी शाळेच्या वर्गात योलांदाबाईंनी सगळं शहर बसवलं. ज्या देशात तेव्हा कोट्यवधी लोकांच्या घरात एकही पुस्तक नव्हतं, तिथे मोलकरणी, शिपाई, गवंडी हे अंक भाड्याने घेऊन वाचत होते, एकमेकांना वाचून दाखवत होते. शिक्षणखात्याने किती शाळा काढल्या याचे आकडे मिळतात. या बाईंनी किती माणसांना वाचायला लावलं, याचा आकडा कुणी काढला आहे का?

पुढे पती गिल्येर्मो दे ला पार्रा यांच्याबरोबर त्यांनी स्वतःची प्रकाशनसंस्था उभी केली. 'लाग्रिमास'मधून एकेक कथा आठवड्यागणिक येत राहिली. 'मारिया इसाबेल' ही आदिवासी मुलगी. मेलेल्या मैत्रिणीचं मूल आपलं म्हणून वाढवते आणि त्यासाठी शहरात धुणीभांडी करते. 'रुबी' गरिबीचा सूड माणसांवर उगवते. 'येसेनिया' जिप्सींमध्ये वाढलेली. 1968 मध्ये सिल्विया पिनाल मारिया इसाबेल म्हणून पडद्यावर आल्या. रुबी 1968 मध्ये मालिका झाली, 1970 मध्ये सिनेमा झाली, 2004 मध्ये बार्बरा मोरीला घेऊन पुन्हा मालिका झाली आणि 2020 मध्ये परत एकदा. दूरचित्रवाणीवाल्यांना या बाईंच्या डोक्यातून निघालेलं सोनं अजून पुरतं आहे. अल्प मूल्य फक्त सरकारी कपाटाला वाटतं.

आणि 'येसेनिया'! या कथेवरचा 1971 चा सिनेमा 1975 मध्ये सोव्हिएत संघात लागला, तेव्हा त्याची नऊ कोटींहून जास्त तिकिटं विकली गेली. आम्हा भारतीयांना राज कपूरच्या 'आवारा'चं रशियातलं वेड अभिमानाने सांगता येतं. त्याची तिकिटं साधारण सव्वासहा-साडेसहा कोटी. मेक्सिकोतल्या एका बाईच्या चित्रकथेने त्याला मागे टाकलं! हे माझ्या पुण्यातल्या भाच्याला सांगितलं तर तो खुर्चीतून उठला. तुमच्या संग्रहातल्या माणसाला सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "सेन्योरा, हे तर मोनितोस आहेत." पोराटोरांची चित्रं, असं त्याला म्हणायचं होतं. मी काउंटरसमोर उभी होते, हातात त्यांचंच पत्र होतं, आणि माझ्या मागे रांगेत उभ्या माणसांनी ते ऐकलं.

मला किती लागलं ते तुम्हाला कसं कळणार? मी लग्न करून या शहरात आले, तेव्हा मला भाषेचं अक्षर येत नव्हतं. नवरा कारखान्यात, मी चार भिंतींत. खालच्या मजल्यावरच्या आजीबाईंनी दिवाणाखालून 'लाग्रिमास'चा गठ्ठा काढून माझ्या हातात ठेवला. चित्रं पाहून मी शब्द ओळखायला लागले. रुबीच्या तोंडचे टोमणे मी बाजारात भाजीवाल्यावर वापरले आणि त्याने भाव कमी केला! माझं बाळ गेलं त्या वर्षी मी मारिया इसाबेल वाचत होते. आधार द्यायला माझी आई जवळ नव्हती, या बाई होत्या. आजीबाई गेल्या, त्यांच्या नातवंडांनी घर रिकामं केलं आणि गठ्ठा कचरागाडीत गेला. तेव्हापासून मी दोन्सेलेस रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून, बाल्देरासच्या टपऱ्यांवरून, रविवारी ला लागुनियाच्या बाजारातून सुटे अंक गोळा करते आहे. कुठे पहिला भाग मिळतो, कुठे शेवटचा, मधलं काहीच नाही. डाव्या डोळ्यात काचबिंदू आहे. डॉक्टर म्हणतात, गेलेली नजर परत येत नाही. उरलेल्या नजरेत मला या कथा सलग वाचायच्या आहेत, मराठीत आणायच्या आहेत. त्यासाठी मी अर्ज केला, शिफारसपत्र आणलं, मेट्रोच्या पायऱ्या धापा टाकत चढले. फोटो चुकीच्या आकाराचा म्हणून परत पाठवलं. संबंधित बाई सुट्टीवर म्हणून परत पाठवलं. मग छापील अर्ज बदलला म्हणून. आणि इतकं झाल्यावर हे पत्र.

महोदया, तुमच्या देशात 1944 मध्ये सरकारने चित्रकथा तपासायला एक आयोग नेमला. कुठली कथा अश्लील, कुठली तरुणांना बिघडवणारी, यावर सरकारी माणसं बसून शिक्के मारत होती. म्हणजे बंदी घालण्याइतकं मूल्य या कथांना होतं! जपण्याची पाळी आली की तेच कागद पोरकट. विद्यापीठातल्या अभ्यासकांनी 1930-40 च्या काळातल्या मासिकांवर मोठं काम केलं आहे, त्यांचे उपकार मी मानते. पण कष्ट त्यांचे आहेत. तुमचं खातं 2015 मध्ये स्वतंत्र झालं, त्याआधी परिषद होती, त्याआधी आणखी काही. पाट्या बदलल्या आणि चित्रकथा खोक्यातच राहिल्या.

सरकारला योलांदाबाई आठवल्या त्या 2005 मध्ये, टपाल तिकिटांवर. मेमीनची पाच तिकिटं निघाली, साडेसात लाख छापली, ती हातोहात संपली. अमेरिकेच्या व्हाइट हाउसने त्यांना वंशद्वेषी म्हणून नावं ठेवली, तुमचे तेव्हाचे अध्यक्ष फॉक्स यांनी तिकिटांची बाजू घेतली. मला यावर स्पष्ट बोलायचं आहे. मेमीनचे जाड ओठ, माकडासारखा चेहरा ही चित्रं अपमानाची आहेत. आफ्रिकी वंशाच्या माणसाला ती बोचतात, आणि त्याला 'आमच्याकडे असं नसतं' असं सांगणं हा दुसरा अपमान आहे. त्याच पोराला टेक्सासमध्ये काळा म्हणून दुकानात काही द्यायला नकार मिळतो, तेव्हा त्याचे मित्र त्याच्यासाठी भांडतात, हेही त्याच कथेत आहे. दोन्ही खरं आहे. पण हा वाद घालायला अंक समोर नकोत का? 2020 च्या जनगणनेत पहिल्यांदा आफ्रिकी वंशाचे मेक्सिकन मोजले गेले, पंचवीस लाखांहून जास्त निघाले. त्यांच्यातल्या एखाद्या मुलीला मेमीनवर प्रबंध लिहायचा असेल, तर ती काय वाचणार? तुमच्या खोक्यांची राख?

मला शंका नाही की या बाई भिंतीवर चित्रं काढणारे पुरुष असत्या, तर त्यांच्या वहीच्या कागदालाही काचेची पेटी मिळाली असती. तुमच्याकडे रंगवलेल्या भिंती वाचवायला तज्ज्ञ आहेत, आणि ते असायलाच हवेत. पण त्या भिंतींसमोरून रोज कामाला जाणाऱ्या बाईच्या पिशवीत काय होतं, ते कोण वाचवणार? स्वस्त कागद, शाई, रडू आणणारी गोष्ट, वाचक मोलकरीण, लेखक बाई. एवढी कारणं एकत्र आली की सरकारी भाषेत 'अल्प मूल्य' होतं. हे फक्त मेक्सिकोचं दुखणं नाही, पण पत्र तुम्हाला आहे.

आता माझ्या मागण्या. निकाली काढलेल्या खोक्यांची यादी द्या, क्रमांकासकट, आणि निकालाचा आदेश कुणाच्या सहीने निघाला ते पदासकट सांगा. उरलेले अंक तातडीने सूचीत घ्या आणि वाचनालयात खुले करा. दुर्मीळ अंकांची चांगली स्कॅन प्रत काढून ठेवा. सूचीत योलांदाबाईंबरोबर चित्रकारांचीही नावं लिहा: मेमीनचे सिक्स्तो बालेन्सिया, रुबीचे आंतोनियो गुतिएरेस. त्यांच्या रेषांशिवाय या बाई एकट्या उभ्या राहिल्या नसत्या.

उत्तर स्पॅनिशमध्ये दिलं तरी चालेल, मला ते योलांदाबाईंनीच वाचायला शिकवलं आहे. फक्त ते चार ओळींचं नसावं आणि त्याच्या खाली पद असावं.

आपली,
मेक्सिको सिटीतली एक मराठी वाचक