अप्पा, ती पोचपावती अजून जपून ठेवली आहे

तीर्थस्वरूप अप्पांस,
सा. न. वि. वि.

समोर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे. शिवाय ज्यांचे विम्याचे क्लेम अडकून पडलेत, त्यांच्याही हे नजरेखालून जावं असं मनापासून वाटतं.

२०२४ च्या फेब्रुवारीत यांची अँजिओप्लास्टी झाली. हॉस्पिटल विमा कंपनीच्या यादीत नव्हतं, त्यामुळे कॅशलेस मिळालं नाही. माझ्या पाटल्या बँकेत ठेवून २,३७,४६० रुपये भरले. डिस्चार्ज कार्ड, मूळ बिलं, स्टेंटचं स्टिकरसुद्धा, सगळं वेळेत पाठवलं. त्यानंतर काहीच नाही. फोन केला की 'प्रोसेसमध्ये आहे', एवढंच. नाही म्हणाले असते तर भांडता तरी आलं असतं. चार महिने मी रात्री उठून मेल बघायची.

त्या दिवशी तुम्ही आमच्या ओट्यावर बसून सगळी फाइल वाचलीत. कोर्टात शिरस्तेदार म्हणून जन्म गेलेला माणूस. एकेक कागद उलटा करून बघत होतात. मग म्हणालात, "आता फोन बंद. लेखी तक्रार, आणि पोच हातात." कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला दीड पानाचं पत्र तुम्ही सांगितलंत, मी लिहिलं. रजिस्टर एडीची पोच परत आली, तेव्हा तिच्यावरची तारीख बघून तुम्ही स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पुढच्या महिन्याच्या त्याच तारखेला लाल गोल केलात.

त्या गोलाचा अर्थ मला तेव्हा कळला नव्हता. विमा लोकपाल नियम, २०१७ प्रमाणे कंपनीला लेखी तक्रार पोचल्यावर एक महिन्यात उत्तर आलं नाही, तर तेवढ्यावर विमा लोकपालांकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, जाता येतं. कंपनीने नकार देण्याची वाट बघत बसायची गरज नाही. मात्र पुढे वर्षाच्या आत जायला हवं. फी नाही, वकील तर चालतच नाही. लोकपाल ५० लाखांपर्यंत भरपाई देऊ शकतात आणि त्यांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. मला वाटलं होतं, कोर्टकचेरीत पाटल्याही जातील.

गोलाची तारीख उलटली आणि आपण तक्रार दाखल केली. सुनावणीला पहाटेच्या विनाथांबा एसटीने पुण्याला गेलो, नारायण पेठेत. तुम्ही बाहेरच थांबलात. "पॉलिसी तुझ्या नावावर आहे, तूच बोल," म्हणालात. मी पोचपावती पुढे केली. लोकपालांनी कंपनीच्या माणसाला विचारलं, "या पत्राला उत्तर दिलंत?" त्याने कागद चाळले, आणि गप्प राहिला. अप्पा, त्या क्षणी माझे हात कापायचे थांबले.

निवाड्यात पूर्ण रक्कम मिळाली, वर उशिराचं व्याज, बँक दरापेक्षा दोन टक्के जास्त. व्याजही मिळायला हवं ही ओळ अर्जात तुम्हीच घालायला लावली होतीत. मी मुद्दल मिळालं तरी पुरे म्हणत होते.

पाटल्या सोडवून आणल्या. परवा मागच्या गल्लीतल्या वहिनी आल्या होत्या, त्यांच्या मिस्टरांचा डेथ क्लेम सात महिने पडून आहे. त्यांना आपल्या पत्राची झेरॉक्स दिली. रविवारी त्यांना घेऊन तुमच्याकडे येते. लाल पेन मी आणते.

आपली,
समोरच्या घरातली सूनबाई
सातारा