सातव्या मजल्यावरच्या काकूंना

काकू,

तुमचं नाव इथे लिहिलेलं तुम्हाला आवडणार नाही, म्हणून नुसतं 'काकू'. आभार मात्र चारचौघांतच मानायचे आहेत. मुंबईत चाळी पाडल्या जाताहेत, माणसं भाड्याच्या जागांत पांगताहेत, आणि त्यांच्याबरोबर त्यांची मांजरंही. आमच्या तांबूसाठी तुम्ही जे केलंत, ते अशा एखाद्या घराच्या उपयोगी पडावं असं मनापासून वाटतं.

लालबागहून आमचा टेम्पो मुलुंडला पोचला, तेव्हा तुम्ही चहाचा थर्मास घेऊन दारात उभ्या होतात. तांबूला ठेवलेल्या कॅरियरमधलं रडणं ऐकलंत आणि आमची विचारपूस करण्याआधी म्हणालात, "याची खोली कोणती?" वन बीएचकेत मांजराला वेगळी खोली! पण तुम्ही इतक्या गंभीरपणे विचारलंत की आईने बेडरूमचं दार उघडलं. एका कोपऱ्यात लिटरचा, म्हणजे मांजराच्या शी-शूसाठीच्या वाळूचा ट्रे, त्याच्यापासून शक्य तितकं लांब खाणं-पाणी, आडवा केलेला पुठ्ठ्याचा खोका आणि त्यात आजीची गोधडी. "ही धुवायची नाही," तुम्ही बजावलंत. प्रवासातल्या धुळीने माखलेली गोधडी तशीच ठेवायची हे आईला फार जड गेलं. मग तुम्ही तिथेच बसून तिला समजावलंत. मांजराच्या गालांवर, हनुवटीवर, कपाळावर गंधाच्या ग्रंथी असतात. दाराच्या चौकटीला गाल घासतं तेव्हा ते 'इथे माझी ओळख आहे' अशी खूण करत असतं. तांबूने चाळीच्या गॅलरीत, जिन्याच्या कठड्याला केलेल्या सगळ्या खुणा तिकडेच राहिल्या, आणि इथे भिंतींना ताज्या रंगाचा वास. म्हणून तुम्ही एक मऊ फडका त्याच्या गालांवरून फिरवायला लावलात आणि तोच दिवाणाच्या पायांना, दाराच्या कडांना पुसायला लावलात, तोही त्याच्या नाकाच्या उंचीवर.

फिनाईलची बाटली तुम्ही स्वतः उचलून बाहेर नेलीत. मांजर पंजे चाटतं, आणि त्याच्या यकृताला फिनॉलसारखी द्रव्यं नीट पचवता येत नाहीत. आजही आमच्या ओळखीतल्या किती घरांत मांजर आहे आणि लादीही रोज फिनाईलनेच पुसली जाते, हे आठवलं की जीव खालीवर होतो.

त्यानंतरच्या तुमच्या संध्याकाळी मी कधी विसरणार नाही. तांबू दिवाणाखाली अगदी भिंतीला चिकटून बसलेला. तुम्ही मेथीची जुडी घेऊन यायचात, बेडरूमच्या लादीवर कपाटाला टेकून बसायचात आणि निवडत राहायचात. त्याला हाक नाही, हात पुढे करणं नाही. नजरेला नजर मिळालीच, तर डोळे सावकाश मिटून सावकाश उघडायचात. आई एकदा काळजीने म्हणाली, असा लपूनच राहिला तर? तुम्ही म्हणालात, "लपू दे. लपायला मिळालं की धीर येतो." पुढे मी वाचलं, नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली प्राण्यांच्या निवाऱ्यात नव्याने आलेल्या मांजरांचा अभ्यास केला होता, ज्यांना लपायला खोका दिला, त्यांचा ताण लवकर उतरला. तुम्हाला हे कुणी शिकवलं, देव जाणे. कोमट केलेलं उकडलेलं चिकन, मीठ न घालता, ही युक्तीही तुमचीच. कोमट अन्नाचा वास जास्त येतो. मांजर सलग दीड-दोन दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साचून जिवावर बेतू शकतं, हे आम्हाला न घाबरवता सांगण्याची हातोटीही तुमच्याकडे होती.

आणि ते गोळे मोजणं! लिटरवर लघवी पडली की गोळा होतो. रोज किती आणि केवढे, तेवढं बघत जा म्हणालात. आई कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहू लागली. तांबू बाहेरच्या खोलीत यायला लागला होता, आम्ही निर्धास्त होत होतो, आणि एका रात्री तो पुन्हापुन्हा ट्रेमध्ये जाऊन बसायला लागला. जोर करायचा, ओरडायचा, ट्रे कोरडाच. कॅलेंडरवर त्या दिवसाचा चौकोन रिकामा होता. मी तुमची बेल वाजवली तेव्हा मध्यरात्र उलटली होती. तुम्ही एकच वाक्य बोललात, "बोका आहे आणि लघवी होत नाही, म्हणजे सकाळची वाट बघायची नाही," आणि पर्स घेऊन चपला घातल्यात.

बोक्याचा मूत्रमार्ग फार अरुंद असतो. जागाबदलाच्या ताणाने मूत्राशयाला सूज येऊ शकते आणि मार्ग तुंबतो. मग एक-दोन दिवसांत मूत्रपिंडं आणि हृदयसुद्धा बंद पडू शकतं. डॉक्टरांनी कॅथेटर घातला, सलाइन लावलं. दवाखान्याच्या बाकावर तुम्ही उजाडेपर्यंत आईचा हात धरून बसलात. तुमची सकाळची बीपीची गोळी त्या दिवशी चुकली, हे मला दुपारी कळलं. काकू, तांबू आज आहे तो त्या रात्रीमुळे आणि पेन्सिलीच्या त्या आकड्यांमुळे.

खिडक्यांचंही तुम्हीच मनावर घेतलंत. कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी मांजर दातांनी तोडतं, म्हणून ग्रिलला आतून तारेची जाळी बसवून घेतलीत. 'मांजर कुठूनही पडलं तरी पायावरच पडतं' असं सगळेच म्हणतात. न्यूयॉर्कच्या पशुवैद्यांनी १९८७ साली उंचावरून पडलेल्या १३२ मांजरांची नोंद प्रसिद्ध केली. उपचार मिळालेल्यांपैकी सुमारे ९० टक्के वाचली, हे खरं. पण त्यांच्यातल्या बहुतेकांना छातीत मार बसला होता, कित्येकांचे जबडे फुटले होते, आणि जी जागीच गेली त्यांना दवाखान्यात आणलंच नसणार. सातव्या मजल्यावर राहणाऱ्या कुणीही त्या म्हणीवर विसंबू नये.

आता तांबू सकाळी स्वयंपाकघराच्या चौकटीला गाल घासतो, मग फ्रिजला, मग आईच्या पायाला. फडक्याची गरज उरलेली नाही.

आई विचारतेय, गणपतीत तुम्ही कोकणात जाल तेव्हा तुमच्या दोन्ही मांजरींचं कोण करतं? या वेळी आम्ही करू. त्यांच्याच घरात, त्यांच्याच भांड्यांत, तुम्ही सांगाल त्या वेळांना. मोठीची औषधं कागदावर लिहून ठेवा आणि किल्ली आमच्याकडे द्या.

तुमची,
शेजारच्या दारातली