ग्लॅमिसची वाळू आणि तुझी एम-80

बाळ्या,

तुझ्या तीन मेसेजना उत्तर नाही म्हणून शिव्या घालत असशील, घाल, पण आधी हे वाच. वीकेंडला ग्लॅमिसला जाऊन आलो, सॅन दिएगोहून अडीच-तीन तास, मेक्सिको बॉर्डरजवळ. इंपिरियल सँड ड्यून्स. जवळजवळ 65 किलोमीटर नुसत्या वाळूच्या टेकड्या!

ऑफिसातल्या एकाची साइड-बाय-साइड होती, म्हणजे दोन सीटची उघडी जीपच समज, डोक्यावर पाइपांचा पिंजरा. मागे उंच काठीला नारिंगी झेंडा, जमिनीपासून 8 फूट, तो सक्तीचाच, कारण टेकडीपलीकडून येणाऱ्याला आधी तोच दिसतो. मला तर वारीला निघाल्यासारखं वाटलं.

पोचल्यावर पहिलं काम काय, तर टायरची हवा काढायची. टायर पसरतो आणि वाळूत रुतत नाही. तेव्हा नागावचा बीचच आठवला रे, तुझी एम-80 अर्धी पंक्चर होती आणि तीच मस्त पळत होती, आपण मात्र संध्याकाळभर पंक्चरवाला शोधत फिरलो!

आता माझा पराक्रम. चढताना गॅस सोडला की गाडी बसलीच, म्हणून मी दाबून धरला. इथे वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो, त्यामुळे ती बाजू सावकाश चढते आणि पलीकडे वाळू एकदम घसरून उभा कडाच तयार होतो. दुपारी बाराला सावल्या अगदी आखूड, सगळं पांढरं, सपाट, कडा कुठे संपतो ते कळतच नाही. माथ्यावर बाजूचा ओरडला म्हणून वळवली, पुढचं डावं चाक हवेत, खाली बघितलं तर तीन मजले तरी खोल. पाच मिनिटं दोघंही बोललो नाही. नंतर मी चार वाजेपर्यंत गाडीला हातच लावला नाही, सावल्या लांब झाल्या की प्रत्येक धार कशी सुरीने कापल्यासारखी दिसते.

रात्री टेंटचे खुंटे वाळूत टिकेनात, शेवटी पिशव्यांत वाळू भरून त्या पुरल्या आणि त्यांना दोऱ्या बांधल्या. थंडी मरणाची, जवळून मालगाडी भोंगा वाजवत जाते, झोप कसली. सकाळच्या पोह्यांत शेवेपेक्षा वाळू जास्त.

चाकाचं काकूंना बोलू नकोस हां, त्या लगेच आईला फोन लावतील. तिला मी फक्त टेंटचा फोटो पाठवलाय.

तुझा,
पक्या