सातबाऱ्यावर आईचं नाव

ती. आई-बाबांना सा. नमस्कार.

बाबा, इथे केनियातल्या मुली एवढ्या धावतात तरी कशा, असं तुम्ही फोनवर विचारलंत. शनिवारी मी एल्डोरेट शहरातून इटेन या गावाला गेले होते. उंची जवळपास 2,400 मीटर, मला जिना चढतानाही धाप लागते. सकाळी सहाला लाल मातीच्या रस्त्यावरून बायकांचा एक घोळका शेजारून धावत गेला. पोटऱ्यांपर्यंत चिखल, आणि आपसात गप्पा चालूच!

ट्रायथलॉन, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं अशी तिहेरी शर्यत, अजून इथल्या मोजक्याच जणींना परवडते. त्याला पोहायला तलाव हवा, महागडी सायकल हवी. धावायला बूट पुरतात. इथली धावपटू टेग्ला लोरूपे, तिच्या वडिलांना तर तिचं धावणंच पसंत नव्हतं. तीच 1994 मध्ये न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकणारी पहिली आफ्रिकन महिला ठरली. 2016 मध्ये रिओला निर्वासित खेळाडूंचा संघ घेऊन गेली, तीही हीच.

पण पैसा आला म्हणजे बाई सुरक्षित झाली, असं नाही. इथलीच धावपटू अ‍ॅग्नेस टिरोप. तिने सप्टेंबर 2021 मध्ये फक्त महिलांच्या 10 किलोमीटर रस्ता-शर्यतीचा विश्वविक्रम केला आणि पुढच्याच महिन्यात इटेनच्या घरात तिचा खून झाला. वय 25. आरोप नवऱ्यावर. युगांडाची रेबेका चेप्टेगेई पॅरिस ऑलिम्पिक धावून आली आणि महिन्याभरात जोडीदाराने तिला पेटवून दिलं. वाद जमिनीचा होता, असं स्थानिक अधिकाऱ्यांनी सांगितलं. हे वाचल्यापासून मला चैन नाही. टिरोपच्या सोबतिणींनी तिच्या नावाने संस्था काढली आहे. घरात मारहाण सोसणाऱ्या बायकांना ती आधार देते. कमाईचा कागद बाईच्या नावावर असणं किती मोलाचं आहे, ते इथे आल्यावर मला कळलं.

म्हणून बाबा, एक मागणं आहे. आईचा सगळा जन्म आपल्या रानात निंदणी-खुरपणी करण्यात गेला, पण सातबाऱ्यावर नाव एकट्या तुमचं. राग मानू नका. तुमच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे, पण आईचा हक्क नुसत्या विश्वासावर राहू नये, असं मला वाटतं. लक्ष्मी मुक्ती योजनेत बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येतं. तलाठी भाऊसाहेबांना भेटून कोणते कागद लागतात ते विचारून ठेवा. दिवाळीला मी येतेच आहे, तेव्हा आपण तिघं मिळून अर्ज देऊ.

आई, तू आढेवेढे घेऊ नकोस. गुडघ्याचं औषध वेळेवर घे.

तुमची,
मंजू